पान मागनं येतंय

"केशर," असं मी टाइप केलं आणि पाठवूनही दिलं.

दुसऱ्या दिवशी कोजागिरी होती. दुधात टाकायला केशराची डबी हवी होती आणि ती घरात कुठंच सापडत नव्हती, त्यामुळे डोक्यात केशरच होतं. चष्मा कपाळावर, एका हातात मसाल्याच्या डब्याचं झाकण, दुसऱ्या हातात फोन. फोनवर भाचीनं पाठवलेला फोटो. पांढुरक्या दगडांचा उतार, काटेरी झुडपांचे वाळलेले गड्डे, आणि दोन दगडांच्या बेचक्यात, जमिनीपासून वीतभरही वर नसलेलं एक पिवळंधमक फूल. शेजारी तिच्या बुटाचं टोक, आकार कळावा म्हणून. खाली प्रश्न होता, "मावशी, हे काय आहे?"

ती अथेन्सला असते. संगणकातलं काहीतरी संशोधन करते. नेमकं काय ते तिनं मला तीनदा समजावलं आहे आणि तिन्ही वेळा मी मान डोलावली आहे. रविवारी शहराबाहेरच्या टेकड्यांवर भटकते, आणि मावशी बॉटनीची म्हणून झाडाझुडपांचे फोटो माझ्याकडं पाठवते. इथं साडेचार वाजले होते, म्हणजे तिच्याकडं दोन.

मिनिटभरात उत्तर आलं. "पण केशराचं फूल जांभळं असतं ना गं? तूच सांगितलं होतंस."

मीच सांगितलं होतं. एकतीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. दर वर्षी एखाददुसरं पोर केशराचं फूल केशरी रंगवायचं आणि मी त्याच्यावर लाल काट मारून बाजूला 'जांभळे' असं लिहायची. केशर म्हणजे त्या जांभळ्या फुलातल्या कुक्षीच्या तीन लालभडक काड्या. ग्रॅमभर केशराला दीडशेच्या आसपास फुलं लागतात. हे सगळं मला झोपेत विचारलं तरी सांगता येतं, पण उभ्यानं, घाईत, डबी शोधता शोधता विचारलं तर येत नाही, असं दिसतंय.

खोटं कशाला बोलू, लाज वाटली. हे बाजूला बसून पेपर वाचत होते. म्हणाले, "पिवळं फूल म्हणायचं आणि सोडून द्यायचं." त्यांची नोकरी बँकेत झाली. तिथं असं चाललं असेल.

मी गॅस बंद केला आणि तिला फोन लावला.

सोलापुरात दसरा आणि दिवाळीच्या मधल्या पंधरवड्यात पिवळ्या रंगाची काय कमी! होटगी रोडनं बाहेर पडलं की दोन्ही अंगांना तरवड, पाटाच्या कडेला बाभळीचे गोंडे, बाजारात झेंडूचे ढीग, शेवंती. तरवड आणि झेंडू दोन्ही पिवळे आहेत म्हणून त्यांना कुणी भाऊ म्हणत नाही. पण परक्या मुलखातलं फूल समोर आलं की माणूस पहिल्यांदा रंगालाच लोंबकळतो. भाचीच्या फोनमधल्या ओळख सांगणाऱ्या ॲपनंही तेच केलं होतं. त्यानं आधी 'पिवळा क्रोकस' सांगितलं होतं, म्हणजे केशराचाच चुलत भाऊ. दुसऱ्या कोनातून फोटो काढल्यावर त्यानं दुसरंच नाव दिलं. म्हणून तर तिनं मला विचारलं होतं.

"अजून तिथंच आहेस का?"

"हो, दगडावर बसून संत्रं खातेय."

"मग संत्रं ठेव. फुलात बघ. पिवळी टोकं असलेल्या काड्या किती आहेत ते मोज. तोडू नकोस."

ती फोन स्पीकरवर टाकून वाकली असावी, कारण मला वारा ऐकू यायला लागला. मग, "एका काडीवर मुंगी आहे. सहा. थांब, परत मोजते. सहाच. आणि मध्ये एक वेगळी, जरा उंच."

तिथंच निम्मं काम झालं. केशराच्या कुळात पुंकेसर, म्हणजे परागाच्या काड्या, तीन असतात. सहा निघाले म्हणजे क्रोकस बाद, ॲप बाद आणि मीही बाद. शिवाय क्रोकसांचे पिवळे प्रकार बहुतेक वसंतात, बर्फ वितळताना फुलतात. शरदात फुलणारे बहुतेक जांभळे नाहीतर पांढरे. ऑक्टोबरात पिवळा कप दिसला तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

सहा पुंकेसर म्हटल्यावर मात्र मी जरा सावध झाले. त्या भागात शरदात जमिनीतून थेट वर येणारं, क्रोकससारखंच दिसणारं आणखी एक फूल असतं, कोल्चिकम. त्यालाही सहाच पुंकेसर, आणि ते अंगभर विषारी. त्याची पानं रानलसूण समजून खाल्ल्यामुळं युरोपात माणसं मेली आहेत. आमची त्याच्याशी जुनी ओळख. एमएस्सीला कांद्याच्या मुळांची टोकं कोल्चिसिनमध्ये बुडवून ठेवायचो, म्हणजे पेशींचं विभाजन मधेच थांबायचं आणि गुणसूत्रं पसरलेली, मोजण्याजोगी दिसायची. तेच कोल्चिसिन पुढं वडिलांच्या गाऊटच्या गोळ्यांत भेटलं. गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची. तेवढीशी गोळीही डॉक्टर फार जपून द्यायचे. पेशी थांबवते ती माणूसही थांबवेल, एवढं प्रयोगशाळेतल्या पोरीला कळत होतं.

कोल्चिकम बहुधा गुलाबी-जांभळं असतं. त्यातलं पिवळं म्हणून ओळखलं जातं ते एकच, आपल्या काश्मीरकडचं. युनानीत ज्याला कडवं सुरंजान म्हणतात ते. ते बर्फ वितळताना फुलतं, ऑक्टोबरात नाही. म्हणजे तेही नसावं. पण 'नसावं' या शब्दावर मी नुकतीच एकदा तोंडावर पडले होते.

"आता खाली बघ," मी म्हटलं.

"खाली म्हणजे?"

"फुलाच्या खाली. पाकळ्या संपतात तिथं काय आहे?"

त्यासाठी तिला पालथं झोपावं लागलं. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी काय विचार केला असेल देव जाणे. खडे टोचत होते, ती हसत होती, आणि मला इकडं स्वयंपाकघरात फक्त कपड्यांची खसफस ऐकू येत होती.

"हिरवा दांडा आहे. जाड, पान नसलेला. वरच्या टोकाला कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ म्यान आहे. आणि मावशी, त्या म्यानात, फुलाच्या अगदी बुडाशी एक हिरवी गाठ आहे. वाटाण्यापेक्षा थोडी मोठी."

ही गाठ म्हणजे अंडाशय. फुलाचं पोटच म्हणा. क्रोकसचं आणि कोल्चिकमचं फूल तोडून हातात घेतलं तरी हे पोट हाती येत नाही, ते खाली मातीतच राहतं. आपण देठ म्हणून धरतो ती पाकळ्यांचीच लांब नळी असते. इथं मात्र खरा हिरवा दांडा होता, आणि त्याच्यावर पाकळ्यांच्या खालच्या अंगाला अंडाशय. कोल्चिकममध्ये अंडाशय पाकळ्यांच्या आतल्या अंगाला असतं, आणि मधल्या काड्या तीन सुट्ट्या. हिनं तर मध्ये एकच सांगितली होती. सहा पुंकेसर, मधली ती एकच काडी म्हणजे कुक्षीवृंत, पाकळ्यांखाली अंडाशय, कागदी म्यान, पानविरहित दांडा. हे सगळं एकत्र आलं की एकच घराणं डोळ्यांपुढं येतं. गच्चीवरच्या कुंडीत पाऊस पडला की चौथ्या दिवशी उमलणारी ती गुलाबी-पिवळी पावसाळी लिली त्यातलीच. बागेतला नागदवणा त्यातलाच. आणि हे सोलापूरकरांना सांगायला मला फार आवडतं, कांदाही त्यातलाच.

मी शिकले तेव्हा कांदा लिलीच्या घरात होता. नंतर वनस्पतीशास्त्रवाल्यांनी गुणसूत्रांच्याही आत शिरून, डीएनए वाचून घरं बदलली, आणि 2009 पासून कांदा-लसूण ॲमरिलिसच्या घराण्यात नांदतात. आपल्या मार्केट यार्डात हिवाळ्यात कांद्याच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत लागते, भाव पडला की शेतकरी डोक्याला हात लावून बसतो. तोच हा कांदा, आणि अथेन्सच्या टेकडीवरचं हे सोनेरी फूल, दोघंही एकाच आडनावाचे.

"पानं?" मी विचारलं.

"आहेत की. गडद हिरवी, चकचकीत, पट्टीसारखी. करंगळीएवढी रुंद."

"मधून पांढुरकी रेघ आहे?"

"नाही. दिसत तरी नाही."

"मग स्टर्नबर्गिया लुटिया."

बोलता बोलता नाव आलं, आणि या वेळी चष्मा डोळ्यांवर होता. रेघेचं अशासाठी विचारलं, की ग्रीसमध्ये याचाच एक बारीक पानांचा प्रकार आहे, ज्याच्या पानावरून मधोमध फिकट पट्टा जातो. काही जण त्याला वेगळी जात मानतात, काही जण लुटियाचंच बारीक रूप. आणखी पूर्वेला गेलं तर तिसरं भावंड आहे, मोठ्या फुलाचं, ज्याला फुलताना पानं नसतातच. हिब्रूत त्याचं नाव अंड्याच्या बलकावरून पडलंय. रंग डोळ्यांपुढं आणायला याहून सोपं नाव मला सुचलं नसतं. घराण्यातलं एक वसंतात फुलणारं भावंड तर काश्मीरपर्यंत येऊन थांबलंय. दख्खनवर मात्र कुणी उतरलेलं नाही.

लुटिया म्हणजे पिवळी, इतकंच. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं 1753 साली तिला ॲमरिलिसमध्ये घातलं होतं. स्टर्नबर्गिया हे नाव बोहेमियातल्या काउंट कास्पार स्टर्नबर्ग यांच्यावरून. हा माणूस 1761 ते 1838 या काळातला. दगडातल्या वनस्पतींचा, म्हणजे जीवाश्मांचा अभ्यास ज्यांनी मार्गी लावला त्यांतला एक, आणि प्रागच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संस्थापकांपैकी. दगडातली मेलेली पानं वाचणाऱ्या माणसाचं नाव दगडातून उगवणाऱ्या जिवंत फुलाला मिळालं, हे मला बरं वाटतं.

इंग्रजीत याला शरदातलं डॅफोडिल म्हणतात. ते मात्र मला काही पटत नाही, आणि त्याचं कारण सांगायचं तर आधी माझी एक जुनी फजिती सांगावी लागेल.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर प्राणी मोजतात. बरीच वर्षं झाली, मीही कॉलेजच्या चार पोरांना घेऊन गेले होते. मे महिना. बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन दिवसभर खाऊन माळ तव्यासारखा झालेला. कुसळी गवत पार करपलेलं, मुरूम पायाखाली कुरकुरत होता. मचाणावर चढायला अजून तास होता म्हणून आम्ही जरा इकडं-तिकडं फिरत होतो. एके ठिकाणी मुरमातून सरळ वर आलेल्या पाच-सहा काठ्या दिसल्या. गुडघ्याच्या वर उंच, तपकिरी, पानाचा पत्ता नाही, वरच्या टोकाला मळकट बारीक फुलांचं काहीतरी लटकतंय.

"गेल्या वर्षीचं वाळलेलं असणार," मी पोरांना सांगितलं. "गवताचाच प्रकार."

त्यातला एक मुलगा उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका वाडीवरचा. घरी मेंढरं. वर्गात मागच्या बाकावर, कधी तोंड न उघडणारा. तो खाली बसला, म्हणाला, "वाळल्यालं न्हाई बाई. जितं हाय. फुलं आल्याती."

"मग पानं कुठं आहेत?"

"पान मागनं येतंय. पाऊस पडल्यावर."

त्यानं दगडाच्या कपरीनं काठीच्या बुडाचा मुरूम उकरला. वितीच्या आत मळकट पांढरा गड्डा दिसला. नारळाच्या वाटीएवढा, कांद्यासारखे पापुद्रे, वरचे कागदासारखे वाळके आणि आतले ओलसर. त्या माळावर, त्या महिन्यात, ओली म्हणावी अशी ती एकच वस्तू असेल. मी हात पुढं केला तर त्यानं माझं मनगटच धरलं. मग स्वतःच ओशाळला. "हात लावू नका बाई. लई खाज सुटती. मेंढरंबी तोंड लावत न्हाईत."

कोळकांदा. काही जण रानकांदा म्हणतात. पुस्तकात मी तो दहा वेळा वाचला होता, परीक्षेत लिहिला होता, पण फुललेला समोर आला तेव्हा वाळलेलं गवत म्हणून मोकळी झाले. कारण पान नाही म्हणजे जीव नाही, असं माझ्या डोक्यात. त्या पोरानं मुरूम परत लोटला, पायानं दाबून बसवला, आणि गड्डा होता तसा झाकून टाकला. प्राणी त्या रात्री फारसे दिसले नाहीत. काळवीट आले, एक खोकड आलं. माळढोक अर्थातच नाही.

तर कोळकांदा फुलतो ऐन उन्हाळ्यात, स्वतःच्या साठ्यावर. वर्षभर पानांनी कमावलेलं सगळं गड्ड्यात असतं, ते खर्चून तो दांडा वर काढतो. मृगाचा पाऊस पडला की मग पानं. पानं पावसाळाभर कमावतात, गड्डा भरतो, थंडीत पानं वाळतात, आणि पुन्हा सामसूम. पाऊस आला की पान आणि पाऊस गेला की झोप, एवढंच त्याचं कॅलेंडर.

आता अथेन्सकडं बघा. तिथं वर्षाला पाऊस पडतो चारशे मिलिमीटरच्या आसपास. सोलापूरला साडेपाचशे. दोन्ही तसे कोरडेच मुलूख. पण आपला पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत, त्यातही सोलापूरला खरा पाऊस सप्टेंबरातच. आणि त्यांचे जुलै-ऑगस्ट ठणठणीत कोरडे. आपला चैत्र-वैशाख जसा भाजतो, तसा त्यांचा आषाढ-श्रावण भाजतो. डोंगर पिवळे पडतात, झुडपं काटा होतात, कंद मातीत निजतात. ऑक्टोबरात पहिली सर येते. थंडीभर पाऊस, वसंतापर्यंत हिरवं, मग पुन्हा उन्हाळा.

म्हणजे त्यांचा ऑक्टोबर हा आपला मृग आहे. शरद हे नुसतं कॅलेंडरातलं नाव. आपल्याला शरद म्हटलं की पाऊस संपला, चांदणं स्वच्छ झालं, रब्बीची ज्वारी पेरायची, हे आठवतं. त्या टेकडीवरच्या कंदाच्या लेखी मात्र शरद म्हणजे झोपेतून उठायची वेळ. ते वर्षाच्या शेवटी उरलंसुरलं फुलत नाही, वर्षाच्या सुरुवातीला फुलतं. लुटिया तर पानं आणि फूल बरोबरच काढते, हंगाम सुरू झाला म्हणून घाईत. 'शरदातलं डॅफोडिल' म्हटलं की ऋतूच्या शेवटी चुकून उगवलेलं वसंतातलं फूल, असं काहीतरी कानाला लागतं. उत्तरेकडच्या लोकांनी बागेत बघून ठेवलेलं नाव ते. वाडीवरच्या पोराला विचारलं असतं तर 'पयल्या पावसाचं फूल' म्हणाला असता.

हे मी भाचीला फोनवर सांगितलं, अर्थात एवढं लांबण न लावता. ती म्हणाली, "खरंच की. गेल्या आठवड्यात पहिला पाऊस झाला इथं. त्याआधी या टेकडीवर काही नव्हतं, नुसत्या काठ्या."

"कसल्या काठ्या?"

"ए, त्याचाही फोटो आहे माझ्याकडं. सप्टेंबरचा. मला वाटलं वाळलेलं काहीतरी आहे, म्हणून पाठवला नाही."

फोटो आला. मुरमाच्या जागी चुनखडी, कुसळीच्या जागी काटेरी झुडपं, पण काठी तीच. सरळ, कमरेएवढी, पानाचा पत्ता नाही, वरच्या निम्म्या भागाला पांढऱ्या फुलांचा तुरा. आपल्या कोळकांद्याचा सख्खा भाऊ, द्रिमिया मारिटिमा. आपला तो द्रिमिया इंडिका. फूल जरा उजळ आणि गड्डा मोठा, एवढाच काय तो फरक. ग्रीक लोक त्याला आग्रिओक्रेमिडा म्हणतात. आग्रिओ म्हणजे रानटी, क्रेमिडी म्हणजे कांदा. रानकांदा! मी हे सांगितल्यावर भाची एवढ्यानं हसली की हे पेपरमधून मान वर काढून बघायला लागले.

नववर्षाला तिथं हा गड्डा उपटून दारावर टांगतात. मातीतून काढला तरी तो मरत नाही, टांगल्या जागी पानं काढतो, म्हणून शुभ. आपल्याकडं दुकानाच्या दारावर कोरफड उलटी टांगतात, तीही तशीच, ना माती ना पाणी, तरी हिरवी. मरत नाही त्याला दारावर ठेवायचं, हे कुणी कुणाला शिकवलं असेल असं वाटत नाही.

एक गंमत मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्याला दोन्हीकडं कांदा म्हणतात त्या रानकांद्याची कांद्याशी जवळची सोयरीक नाही. नव्या वर्गीकरणात तो शतावरीच्या घरात गेलाय. आणि ज्याला कुणी कांदा म्हणत नाही ते पिवळं फूल मात्र कांद्याचं भाऊबंद. फरक सुरीनं कळत नाही, दोघांचेही पापुद्रे कांद्यासारखेच निघतात. केशराच्या क्रोकसचा गड्डा कापला तर मात्र लगेच कळेल. तो आतून सुरणासारखा भरीव असतो, पापुद्रे नाहीत. वर्गात हे दाखवायला मी दर वर्षी भाजीवालीकडून एक कांदा आणि सुरणाची एक फोड आणायची. प्रात्यक्षिक झालं की कांदा शिपाईमामांच्या भाजीत जायचा. सुरणाला कुणी हात लावायचं नाही.

"मावशी, एक कंद आणू का दिवाळीला? पिशवीत कुणाला कळणार नाही."

नको म्हटलं. एक तर स्टर्नबर्गियाचे कंद डोंगरावरून पोत्यांनी उकरून बागांसाठी विकले गेलेत, म्हणून आता त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन आहे. परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, आणि आपल्या विमानतळावरही मातीतलं काही आणायचं तर कागद लागतात. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं, की इथं आणलं तर ते कुजेल. त्याच्या झोपेच्या महिन्यांत आपल्याकडं धो धो पाऊस. त्याला पाणी हवं असतं तेव्हा जुळे सोलापूरला नळ चार-पाच दिवसांनी येतो. जूनमध्ये माझ्या काळ्या मातीच्या कुंडीत ते निजलेलं असताना वरून मृग बरसणार. पोरीला सासरी दिलं, पण सासरचा दिवस म्हणजे तिची रात्र. टिकेल कशी? आणि शिवाय विषारी. घरात मांजर आहे.

"बरं," ती म्हणाली. आवाज जरा पडला. मग म्हणाली, "केशर तरी आणू?"

तिथं मला आणखी एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती सांगितली. केशराला बी धरत नाही, त्याची गुणसूत्रं तिप्पट आहेत, माणसानं कंद लावल्याशिवाय ते वाढत नाही. त्याचा रानटी पूर्वज शोधत शोधत अलीकडचे जनुकीय अभ्यास जिथं पोचले ती जागा म्हणजे अथेन्सच्याच आसपासचा मुलूख. ती ज्या डोंगररांगांत फिरते तिथंच, याच महिन्यात, तो जांभळा रानटी क्रोकस फुलतो. म्हणजे माझं 'केशर' हे उत्तर फुलापुरतं चुकलं होतं, टेकडी तशी बरोबर होती. ही पळवाट आहे, मला माहीत आहे. वर्गात कुणी अशी पळवाट काढली असती तर मी एकही मार्क दिला नसता.

कोजागिरीचं दूध शेवटी केशराशिवायच झालं. वेलदोडा आणि जायफळ. शेजारच्या वहिनींनी चिमूटभर 'केशर' आणून दिलं होतं, कुठल्याशा यात्रेतून स्वस्तात घेतलेलं. मी ते पाण्यात टाकून बघितलं. काड्या नव्हत्याच त्या, बारीक चिरलेल्या पाकळ्या होत्या. करडईच्या. आपल्याच रब्बीच्या रानात पिकणारी करडई कुठं तरी जाऊन, केशर होऊन, चौपट भावानं परत सोलापूरला आली होती. वहिनींना काही बोलले नाही. दूध मात्र तसंच दिलं.

दिवाळीला भाची आली ती कंद न आणता. फोनमध्ये त्या एकाच फुलाचे चाळीस फोटो होते, पाठीमागून, बुडातून, मुंगीसकट. तिचे वडील म्हणाले, "हिला फुलं कधीपासून आवडायला लागली?" ती म्हणाली, "फुलं नाही ओ बाबा, फुलांच्या खालचं."

गेल्या आठवड्यात, म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यात, नान्नजच्या बाजूला एका लग्नाला जायचं होतं. कार्यालयाच्या मागं माळ होता. जेवणं उशिरा होणार असं दिसल्यावर मी इरकल जरा वर खोचून तिकडं वळले. उन्हानं डोळे दिपत होते. पन्नासेक पावलांवर, एका बोराटीच्या पायथ्याला, तीन काठ्या. मी बसले, वाकले, बुडातून फोटो काढला, शेजारी माझ्या चपलेचं टोक ठेवून. मुरूम उकरला नाही. भाचीला पाठवला आणि खाली लिहिलं, "ओळख बघू."

पंगतीत बसले तेव्हा उत्तर आलं होतं.

"सहा आहेत. मोजले झूम करून. पण मावशी, पानं कुठायत?"

एका हातानं टाइप केलं, "मागनं येतंय."